तलावात सात फूट पाणी

माझा बाप शाळेत गेला नाही, पण आमच्या गावच्या तलावात आज किती पाणी आहे हे सांगायचा मान त्याचा होता. होता म्हणतो, कारण आता नाही. आणि तो मान माझ्यामुळे गेला. हे आधीच सरळ लिहून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी नको.

गाव आरमोरीपासून जवळ. तलाव जुना, मालगुजारांच्या काळचा, पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाची आणि जांभळाची झाडं. या तलावाचं पाणी दोघांचं. पाळीखाली बांध्या आहेत, तिथं धान पिकतं, ते पाणी धानवाल्यांचं. तलावात मासोळी आहे, ती आम्हा ढिवरांची. पावसाळ्यात भांडण नसतं. पाणी सांडव्यावरून वाहून जातं आणि सगळे एकमेकांना रामराम घालतात. भांडण दसऱ्यानंतर. भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान निसवायला लागलेलं असतं, पाऊस संपलेला असतो, मग तुडूम उघडावा लागतो. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं दगडी दार. ते उघडलं की पाणी पाटानं बांध्यांकडं निघतं. धानवाल्यांना वाटतं तो उघडाच राहावा. आम्हाला वाटतं पाणी ठेवा रे बाबांनो, मासोळी काय हवेत पोहणार आहे?

यावर गावानं काढलेली तोड म्हणजे माझ्या बापाची काठी. बांबूची, नऊ फुटी, फुटाफुटाला विळ्यानं पाडलेली खाच, आणि तिसऱ्या खाचेला बांधलेली लाल चिंधी. चिंधीच्या वरचं पाणी धानवाल्यांचं, चिंधीखालचं मासोळीचं. तुडूम उघडला की रोज सकाळी बाप तुडमाच्या पायऱ्या उतरायचा, काठी पाण्यात उभी धरायचा आणि वर येऊन पाळीवरून आकडा ओरडायचा. "साडेपाच!" बांधीतली माणसं मान वर करायची, डोंग्यात, म्हणजे होडीत, बसलेली माणसं हात थांबवायची. पाणी चिंधीला टेकलं त्या दिवशी तो आकडा सांगत नसे. नुसतं "बस" म्हणायचा. मग धानवाले स्वतःच येऊन तुडूम बंद करायचे, कुणाची बांधी कोरडी राहिली असली तरी.

तो आमचा असून धानवाले त्याचं ऐकायचे, त्याला कारण होतं. मी लहान असताना एका वर्षी पाऊस फार कमी झाला. आमचीच माणसं घरी येऊन बसली, म्हणाली, उद्याच बस म्हण, एक खाच बाकी हाय तं राहू दे. बापानं ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पाळीवरून ओरडला, "चार!" आमच्या घराशी चार-सहा महिने कुणी धड बोललं नाही. पण त्यानंतर त्याच्या आकड्यावर कुणी शंका काढली नाही. दोन्हीकडच्या कुणीही.

पुढं त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही. खाच दिसत नव्हती तेव्हा तो काठी पाण्यातून काढून अंगठ्यानं चाचपायचा, ओलं कुठवर आहे ते, आणि खाचा मोजायचा. दोन वर्षं त्यानं असं काढलं. मला मायनं सांगितलं, तेही चुलीपाशी, हळू आवाजात. मी चंद्रपूरला राहत होतो. शहराच्या जुन्या कोटाच्या आत एका बॅटरीच्या दुकानावर मालक धरून आमचं तिघांचं छोटं कारखान्यासारखं ऑफिस, कोळशाच्या गाड्या कुठं आहेत ते सांगणाऱ्या डब्या आम्ही बनवायचो. मी म्हटलं, बाबा, इकडं या, डोळ्यांचं शिबिर आहे, ऑपरेशन करून टाकू.

"मी तिकडं पडून राह्यलो तं इकडं पाणी कोन पाह्यन?"

"दुसरं कुणी पाह्यन."

"कोन?"

धानवाल्यांचा माणूस आम्हाला चालला नसता, आमचा दुसरा कुणी त्यांना. डोळे सुधारल्याशिवाय नीट मोजता येत नव्हतं आणि मोजणं सोडल्याशिवाय डोळे सुधारता येत नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, मी यंत्र बसवतो. यंत्र ना ढिवर ना धानवालं. बापाला हे पटलं. धानवाल्यांच्या आणि मासेमार सोसायटीच्या, दोन्ही अध्यक्षांनाही पटलं. गावचा पोरगा इंजिनियर झालाय याचा गावाला एकदाचा उपयोग होणार होता.

यंत्र म्हणजे एक डबी आणि तिच्यात वीतभरही नाही असा संगणक. पाइपातून खाली पाण्यावर आवाज सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी मोजायचं, आणि रोज सकाळी सहाला निरोप पाठवायचा: एक धानवाल्यांच्या अध्यक्षांना, एक मासेमार सोसायटीच्या, एक मला. डबी आम्ही गाड्यांसाठी बनवतच होतो. काम होतं ते सॉफ्टवेअरचं.

असलं सॉफ्टवेअर एकसंध नसतं. त्याचे लहान लहान तुकडे असतात, त्यांना आम्ही पॅकेज म्हणतो. कुठलं पॅकेज कुणावर अवलंबून आहे ते आपण लिहून द्यायचं. मग बिल्ड करणारा संगणक ते वाचून क्रम लावतो, एकेक पॅकेज तयार करतो आणि शेवटी डबीत घालायची फाईल हातात देतो. माझी स्वतःची पॅकेजं दोनच होती. 'पातळी', जे पाणी मोजायचं, आणि 'निरोप', जे फोनवर संदेश पाठवायचं. निरोपाला पातळी लागणारच, नाहीतर आकडा कुठून आणणार? पण मी पडलो शहाणा! पाइपात कोळी शिरला, मोजणी बिघडली, तर पातळीनं आपणहून मला कळवावं अशी सोय मी करून ठेवली होती. म्हणजे पातळीलाही निरोप लागणार. घ्या! पातळी तयार व्हायला आधी निरोप हवा, निरोप तयार व्हायला आधी पातळी हवी. संगणकानं लाल अक्षरात 'वर्तुळ आहे' असं लिहिलं आणि हात वर केले.

तहसीलमध्ये असं होतं. ह्या दाखल्यासाठी तो दाखला आणा, त्या दाखल्यासाठी हा आणा. पण तिथं निदान खिडकीमागं माणूस असतो, त्याच्यावर डाफरता येतं. इथं दोन्ही पॅकेजं माझीच कार्टी, कुणावर डाफरणार? तीन दिवस मी त्या लाल ओळीसमोर बसलो. क्रम उलटा करून पाहिला. यादीतून एकाचं नाव काढलं, तर दुसरं अर्ध्यावर जाऊन 'ते कुठं आहे' म्हणून मरायचं. चंद्रपूरची ती भादव्यातली भट्टी, की-बोर्डवर कोळशाची काळी भुकटी, आणि तिकडं शिबिराची तारीख ठरलेली. मालक मागून येऊन स्क्रीनकडं पाहून म्हणाला, "अरे भाऊ, दोघांतलं सारखं जे काय हाय ते बाहेर काढ न त्याचं तिसरं पॅकेज कर. दोघंही त्याच्यावर टेकतीन, एकमेकांवर काऊन टेकून राह्यले?"

बरोबर बोलला. माझ्यापेक्षा कमी शिकलेला माणूस एका वाक्यात बरोबर बोलला. आणि मी काय म्हटलं? "साहेब, इतका वेळ नाई माह्यापाशी."

मी दुसरी वाट धरली. खोटं पातळी बनवलं. वरून दिसायला पातळीसारखंच, पण आत मोजणं-बिजणं काही नाही. कुणी विचारलं की एक ठरलेला आकडा सांगायचं, बस. या खोट्या पातळीवर निरोप उभा करायचा. निरोप तयार झाला की त्याच्या जोरावर खरं पातळी बनवायचं. आणि मग खोटं फेकून देऊन निरोप पुन्हा एकदा खऱ्यावर बांधायचा. वर्तुळ फोडायची ही मान्य रीत आहे, त्यात गैर काही नाही. पण ती शेवटची पायरी चुकवली तर खोटा आकडा निरोपाच्या पोटात कायमचा राहतो.

खोट्या पातळीनं कुठला आकडा सांगावा? शून्य ठेवला असता, नव्याण्णव ठेवला असता, तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती आणि सगळं वाचलं असतं. मी बापाला फोन लावला.

"बाबा, आज किती?"

"सात. भरून हाय. सांडव्यावरून चालून राह्यलं."

मी सात लिहिलं. का, ते आजही सांगता येत नाही. उगीच, बापाचा आकडा म्हणून बरं वाटलं असेल.

खोट्यावर निरोप तयार झाला. मग खरं पातळी तयार झालं. टेबलावर बादली ठेवून मोजून पाहिलं, चोख. निरोप मात्र 'सात फूट' म्हणत होता, ते ठीकच होतं, अजून शेवटची पायरी बाकी होती. मी खोटं पातळी पुसलं आणि सगळं पुन्हा बांधायचा हुकूम दिला. चहा प्यायला उठलो तर मागं वळेपर्यंत 'झालं' असं आलंसुद्धा. तिथंच माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता. बिल्ड करणारा संगणक आळशी असतो, एकदा केलेलं काम तो जपून ठेवतो आणि पुन्हा करत नाही. निरोप आधीच तयार आहे असं त्याला दिसलं, त्यानं तोच उचलून ठेवला. खोट्यावर बांधलेला. पुसून टाकलेलं खोटं त्याच्या पोटात तसंच. मी लाल ओळ गेली म्हणून देवाला हात जोडले आणि डबी बॅगेत घालून बस पकडली.

बसवायच्या दिवशी अर्धं गाव पाळीवर. पाइप तुडमाच्या भिंतीला आवळला, सौर पाटी मोहाला बांधली, डबी चालू केली. दोन्ही अध्यक्षांचे फोन वाजले. 'सात फूट.' धानवाल्यांचे अध्यक्ष बापाला म्हणाले, "आता तुमी पाहा." बाप पायऱ्या उतरला, काठी उभी केली, काढली, अंगठा फिरवला. वर येऊन शेवटचं ओरडला.

"सात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तलाव तेव्हा काठोकाठ होता, आणि काठोकाठ म्हणजे सात, दर वर्षी, महिनाभर. बापानं घरी येऊन काठी कोपऱ्यात उभी केली आणि मायला म्हणाला, "माहा पोरगा हुशार निंगाला व." मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा-वीस दिवस धूळ नको, तलावाचं पाणी डोळ्यांत जाता कामा नये. म्हणून बाप माझ्या खोलीवर राहिला, काळा चष्मा लावून खाटेवर बसलेला. तुडूम उघडल्याचं गावाहून कळलं. रोज सकाळी मी त्याच्या डोळ्यांत थेंब टाकायचो आणि निरोप वाचून दाखवायचो. सात फूट. सात फूट. सात फूट.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "सात? तुडूम उघडून चार दिवस झाले न?"

"हो."

"मंग सात कसं राहीन? पाणी जाऊन राह्यलं तं कमी होईन का नाई?"

आणि मी भडकलो. आदल्या दिवशी सुट्ट्यांवरून मालक बोलला होता, त्याचा राग होता, का आणखी कशाचा, माहीत नाही. म्हटलं, "बाबा, तुमी आंगठ्यानं मोजून राह्यले होते दोन वर्षं. ते यंत्र हाय, ते चुकत नाई. तुमाले पटत नसंन तं मी वाचून नाई दाखवत."

काळ्या चष्म्याआड त्याचे डोळे मला दिसले नाहीत. त्यानं चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाला, "नाई, नाई, वाच तू. वरतं पाऊस आला असंन."

पाऊस! खिडकीतून कोरडं निळं आभाळ दिसत होतं. मला तोवर नऊ वर्षं झाली होती या धंद्यात, आणि चाळीस वर्षं पाणी मोजलेला माणूस समोर बसून सांगत होता की तुझा आकडा हलत नाही. जो आकडा हलत नाही तो मोजलेला नसतो, हे माझ्या धंद्यातलं पहिल्या दिवसाचं ज्ञान. त्यानं ते मला फुकट दिलं आणि मी त्याला अंगठ्यावरून टोमणा मारला. यापुढं मी कितीही डब्या बनवल्या तरी हे वाक्य माझ्या तोंडून गेलं ते गेलं.

गावात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आमच्यातल्या दोन-तीन बायांनी धुणं धुताना म्हटलं, पाणी खूप मागं गेलं. सोसायटीतले लोक तुडमाशी गेले. धानवाल्यांनी भांडण केलं नाही, बिचाऱ्यांनी फोन काढून दाखवला. पाहा, सात फूट, तुमच्याही फोनवर तेच हाय, तुमच्याच पोराचं यंत्र हाय. आमचे लोक परत आले. डोळ्यांना दिसत होतं ते त्यांनी माझ्या नावावर सोडून दिलं. दर वर्षी पाळीवरून कुणीतरी बस म्हणायचं, या वर्षी बस म्हणायला कुणी नव्हतं.

तुडूम उघडल्याच्या बाराव्या दिवशी मायचा फोन आला. "मासोळ्या तोंड वर काढून राह्यल्या रे. गाळच गाळ हाय. तू काऊन पाहत नाई?" मी फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हातानं लॅपटॉप उघडला. निरोपाच्या तयार फाईलची वेळ पाहिली. खरं पातळी तयार व्हायच्या आधीची होती. त्या एका ओळीत सगळं कळलं.

बापाला घेऊन निघालो. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, पण त्याला थांबवणार कोण? मूलच्या बस स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली, तिथं मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, त्याला कळेल असं. दोन तुकडे एकमेकांवर अडून बसले होते, म्हणून मी एक खोटा केला, आणि खोटा काढायचा राहून गेला.

"मंग तो सातचा आकडा कुठून आला?"

"तुमीच सांगतला होता फोनवर. तोच मी टाकला."

"म्हणजे मायाच आकडा."

"हो."

गडचिरोली येईपर्यंत तो अंगठा बोटांवर फिरवत बसला. तिथं आरमोरीची दुसरी बस धरली.

तलाव कसा होता ते मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. तुडमापाशी दोन-तीन खोल्यांएवढं पाणी उरलं होतं, फूटभर, गरम, चहासारखं. बाकी चिखल. आषाढात सोडलेली बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, वीतभर झाली होती, रोहू, कतला, चैतात जाळं पडायचं होतं. ती सगळी पोट वर करून पडलेली, आणि बगळे खाऊन खाऊन कंटाळलेले. माझी चुलतमावशी चिखलात मांडीपर्यंत उतरून जिवंत असलेली मासोळी टोपलीत घेऊन डबक्यात नेऊन सोडत होती. तिनं मला पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं! ती म्हणाली, "आला काय बाबू? भाऊजीचे डोळे बरे हायेत न?"

संध्याकाळी समाजमंदिरात दोन्हीकडचे लोक बसले. धानवालेही खाली मान घालून होते, कुणालाही हे नको होतं. सोसायटीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "यंत्र कसं काय चुकलं?" मी उठलो. वाक्य तयार होतं: चूक माझी, मी घाई केली. तेवढ्यात बाप भिंतीला धरून उभा राहिला.

"यंत्र नाई चुकलं," तो म्हणाला. "मी चुकलो. पोरानं मले फोनवर इचारलं होतं किती पाणी हाय. त्यो आकडा यंत्रात टाका लागते सुरुवातीले. मले दोन वर्ष झाले दिसत नव्हतं, मी कोनाले सांगतलं नाई. मी हातानं चाचपून सांगून राह्यलो होतो. मी आकडा चुकीचा सांगतला. पोरगा काय करन?"

सभेत कुजबुज सुरू झाली. दिसत नव्हतं? दोन वर्षं? मग मागच्या वर्षीचं 'बस'? त्याच्या आदल्या वर्षीचं? धानवाल्यांकडून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आमच्या बांध्या तुमी अंदाजानंच कोरड्या ठेवल्या काय, भाऊ?" बाप म्हणाला, "हो." तो अंदाज नव्हता. त्याचा अंगठा अर्ध्या इंचानंही चुकत नव्हता, सातच्या दिवशी तलाव सातच होता. त्याच्या बोलण्यातला एकेक तुकडा खरा होता आणि सगळं मिळून धडधडीत खोटं.

आणि मी उभा होतो. बोलायला काय लागत होतं? जीभ होती तोंडात. पण खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला हायसं वाटलं. एवढं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी हळूच खाली बसलो, आणि मी बसलो हे बापानं चष्म्याआडून पाहिलं. चाळीस वर्षं जपलेला शब्द त्यानं माझ्यासाठी मोडला आणि मी तो मोडू दिला. माझ्यासारख्या भेकडाला त्यानं कशाला वाचवलं, हे विचारायचीही माझी लायकी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीवर बसून मी तिसरं पॅकेज केलं. दोघांत सारखं जे होतं ते बाहेर काढलं, पातळी त्याच्यावर टेकवलं, निरोप त्याच्यावर टेकवला. वर्तुळ सुटलं. जपून ठेवलेलं सगळं जुनं काम पुसलं, पहिल्यापासून बांधलं, डबीत भरलं. फोन वाजला: 'एक फूट.' सगळं मिळून दीड तास लागला. तीन दिवस मी ज्याच्यासाठी वेळ नाही म्हणत होतो त्याला दीड तास.

आता यंत्र चोख चालतं. पुढच्या पावसात तलाव भरला, तुडूम उघडला, साडेपाच, पाच, साडेचार, सगळं बरोबर आलं, आणि तीन फुटांना लोकांनी निरोप पाहून तुडूम बंद केला. सोसायटीनं पुन्हा बोटुकली सोडली. लोक मला भेटले की यंत्राची तारीफ करतात. सुरुवातीचा आकडा चुकला नसता तर त्या वर्षीही काही झालं नसतं, असं म्हणतात. बापासमोर म्हणतात. तो मान डोलावतो.

त्याला आता लख्ख दिसतं. पाळीवर उभा राहिला तर खाली पाण्यात धरलेल्या काठीची खाच दिसेल इतकं. पण त्याला कुणी विचारत नाही. पानठेल्यावर पाण्याचा विषय निघाला की लोक त्याच्याकडं न बघता फोन काढतात.

रोज सकाळी सव्वासहाला तो मला फोन करतो. "आज किती, बाबू?" मी आकडा सांगतो. तो म्हणतो, "बरोबर हाय." दोन वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. मला वाटायचं, म्हातारा करमणूक म्हणून विचारतो. मग या दसऱ्यानंतर एका सकाळी मीच आधी फोन केला, तो मायनं उचलला. म्हणाली, ते हातपाय धुऊन राह्यले, आत्ताच तलावावरून आले, रोजच जातात काठी घेऊन, अंधार असते तोवर, कोनी पाहू नये म्हणून. आज पाच हाय म्हणून राह्यले होते.

माझ्या फोनवरही पाचच होतं. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. एकदा, फक्त एकदा त्यानं मला "नाई" म्हणावं असं वाटलं. पाळीवरून ओरडायचा तसं. चुकला तू, पाच हाय, म्हणावं. शिवी द्यावी. सव्वासहाला त्याचा फोन आला.

"आज किती, बाबू?"

"चार," मी म्हटलं.

पलीकडं कोंबडा ओरडला.

"चार," तो म्हणाला. "हो. बरोबर हाय."

"बाबा, थांबा. चुकलो मी. पाच हाय, पाच."

"पाच बी बरोबर हाय," तो म्हणाला. "च्या घेतला काय?"